सावड, सोसायटी आणि वनधन: ठाणे जिल्ह्यातील सामाजिक उद्योजकतेची पार्श्वभूमी

‘सामाजिक भांडवल’, म्हणजे माणसांमधील परस्परांचा विश्वास आणि मदतीची देवाणघेवाण, ही संज्ञा नवी वाटत असली, तरी अमेरिकेतील एल. जे. हॅनिफन यांनी ग्रामीण शाळांविषयी लिहिताना ती १९१६ मध्येच वापरली होती. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर त्याच गोष्टीला सावड म्हणत आले आहेत: लावणीच्या दिवसांत आज तुमच्या शेतावर, उद्या आमच्या. मात्र तिचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. सावड फेडायला स्वतःचे शेत लागते, आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी सावकाराकडे वर्षानुवर्षे राबणाऱ्या लग्नगड्याजवळ ते नव्हते.

म्हणूनच या जिल्ह्याचा (२०१४ पूर्वी पालघरही त्यातच होता) इतिहास उद्योगापासून नव्हे, तर वेठ नाकारण्यापासून सुरू होतो. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये वारली उठले, आणि ज्यांना आजवर मालकाच्या नावाने ओळखले जाई, ते प्रथमच एकमेकांच्या भरवशावर उभे राहिले. पुढे १९४७ मध्ये मुंबई प्रांतातील बाळासाहेब खेर यांच्या सरकारने जंगल कामगार सहकारी संस्थांना चालना दिली. ठेकेदाराला बाजूला सारून कूप (तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा) थेट तोडणाऱ्यांच्या संस्थेला द्यायचे आणि नफा सभासदांत वाटायचा, ही कल्पना आजच्या अर्थाने सामाजिक उद्योजकताच होती. परंतु हिशेब लिहिणारा बहुधा बाहेरचा असल्याने सभासद अनेकदा अंगठ्यापुरता उरला. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर तोडीवर निर्बंध आले आणि या संस्थांचा मुख्य आधारच आटला.

१९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली होती, पण तो कायदा पाड्यापर्यंत पोहोचवण्याचे काम १९८२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमजीवी संघटनेसारख्या संघटनांना करावे लागले. बचतगटांची लाट त्यानंतरची.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने वनधन योजना (आदिवासी बचतगटांनी केंद्रांमार्फत वनोपज गोळा करून, प्रक्रिया करून विकण्याची) आणली आणि शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून, वाळवून औषध कंपन्यांना विकण्याचा व्यवसाय तिच्याशी जोडला. कूप तोडणाऱ्या सोसायटीपेक्षा येथे मोठा फरक हा की खरेदीदाराशी बोलणारेही कातकरीच आहेत. मात्र योजनेच्या रचनेत एका केंद्रात १५ बचतगट, म्हणजे सुमारे ३०० संग्राहक अपेक्षित असतात, तर सावड ओळखीच्या चार-दोन घरांतच चालत असे.