लग्नाच्या मांडवातला खून: सिकंदराच्या घराण्यातली भाऊबंदकी

इ.स.पू. 336. मॅसिडोनियाची जुनी राजधानी आयगाई, म्हणजे आजच्या ग्रीसमधलं व्हर्गिना. सिकंदराचा बाप राजा दुसरा फिलिप याची मुलगी क्लिओपात्रा हिचं लग्न होतं. (इजिप्तची क्लिओपात्रा ही नव्हे, ती जवळजवळ तीनशे वर्षांनंतरची.) नवरदेव एपिरसचा राजा, नवरीचा सख्खा मामा. फिलिपचं राणी ऑलिम्पियासशी, म्हणजे सिकंदराच्या आणि नवरीच्या आईशी, बिनसलं होतं, आणि तिच्या माहेरशी सोयरीक तुटू नये म्हणून त्याने हे लग्न जुळवलं होतं.

पहाटेपासून नाट्यगृह भरलं होतं. मिरवणुकीत बारा देवांच्या मूर्ती होत्या आणि तेरावी खुद्द फिलिपची. मागून राजा आला तो पांढऱ्या झग्यात. लोकांचं आपल्यावर इतकं प्रेम आहे की पहारा लागत नाही, हे पाहुण्यांना दिसावं म्हणून त्याने अंगरक्षकांना लांब राहायला सांगितलं होतं. त्यांच्यापैकीच पौसानियास नावाचा तरुण पुढे झाला आणि त्याने राजाच्या बरगड्यांत खंजीर खुपसला. वेशीबाहेर घोडे तयार होते. धावताना त्याचा पाय वेलीत अडकला, तो पडला आणि पाठलाग करणाऱ्यांनी त्याला तिथेच भोसकलं. त्याला बोलतं करायची संधीच गेली.

कारण काय? सिकंदराचा गुरू ॲरिस्टॉटल याने एका ओळीत सांगितलं आहे: फिलिपचा सरदार अटॅलस याच्या माणसांनी पौसानियासची विटंबना केली आणि फिलिपने न्याय दिला नाही. हे खरंच असावं. पण अटॅलसला हात का लावला नाही, हे पाहिलं की गोष्ट राजवाड्यात शिरते.

फिलिपच्या बायका सात. लढाई झाली की तह, आणि तहाबरोबर बहुधा लग्न. थोरल्यालाच गादी मिळावी असा पक्का नियम मॅसिडोनियात नव्हता. राजाच्या रक्ताचा कोणीही पुरुष सैन्याने उचलून धरला तर राजा. त्यामुळे प्रत्येक सावत्र भाऊ, प्रत्येक चुलत भाऊ हा दावेदार, आणि प्रत्येक राणीचं भवितव्य तिच्या पोराच्या गादीवर टांगलेलं. फिलिपचा थोरला भाऊ असाच मारला गेला होता. त्याला मारणाऱ्याला मधल्या भावाने इ.स.पू. 365 मध्ये संपवलं. हा मधला भाऊ मात्र लढाईत पडला, म्हणजे त्या घरात जवळजवळ नैसर्गिक मरण!

इ.स.पू. 337 मध्ये फिलिपने सातवं लग्न केलं, ते अटॅलसच्या पुतणीशी. मेजवानीत दारू चढलेल्या अटॅलसने प्रार्थना केली की आता राज्याला औरस वारस मिळो. ‘मग मी काय अनौरस?’ म्हणत सिकंदराने पेला भिरकावला. फिलिप तलवार उपसून मुलावरच धावला आणि तोल जाऊन पडला. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, सिकंदर म्हणाला, ‘बघा, हा युरोपातून आशियात जायला निघालाय, आणि एका आसनावरून दुसऱ्यावर जाता येत नाही.’ मायलेक राज्य सोडून गेले. बाप-लेकात पुढे समेट झाला, पण मनं जुळली असतील असं वाटत नाही.

म्हणूनच खुनामागे ऑलिम्पियास होती ही कुजबुज तेव्हापासून आहे. पुरावा नाही. पुढे तिने काय केलं ते मात्र ठाऊक आहे. धाकट्या सवतीचा आणि तिच्या तान्ह्या मुलीचा तिने जीव घेतला. सिकंदराने अटॅलसचा काटा काढला, आणि चुलत भाऊ अमिंटासचाही. या अमिंटासला फिलिपने वीसहून अधिक वर्षं सांभाळलं होतं, वर मुलगीही दिली होती.

इ.स.पू. 323 मध्ये सिकंदर बॅबिलोनमध्ये वारला आणि उरलेलं घर एकमेकांच्या जिवावर उठलं. त्याचा सावत्र, बुद्धीने अधू भाऊ अरिडेअस नावापुरता राजा झाला होता. इ.स.पू. 317 मध्ये ऑलिम्पियासने त्याला मारवलं. त्याची बायको युरिडिसी ही त्याच अमिंटासची मुलगी. तिच्याकडे ऑलिम्पियासने तलवार, फास आणि विष पाठवलं: हवं ते निवड. युरिडिसीने यातलं काहीच घेतलं नाही, स्वतःच्या कमरपट्ट्यानेच गळफास घेतला. 1977 मध्ये व्हर्गिनात सापडलेली सोन्याच्या पेटीतली अस्थी फिलिपची की या अरिडेअसची, यावर संशोधक अजून भांडतात.

लवकरच कॅसँडर या मॅसिडोनियन सेनापतीने ऑलिम्पियासला पिडना शहरात कोंडलं. उपासमार इतकी, की हत्तींना लाकडाचा भुसा घालावा लागला. ती शरण आली. मारायला पाठवलेले सैनिक तिला पाहून परत फिरले. शेवटी, तिने ज्यांना मारलं होतं, त्यांच्याच नातेवाइकांनी तिला संपवलं. सिकंदराची राणी रोक्साना आणि तिचा कोवळा मुलगा यांनाही कॅसँडरने काही वर्षांनी गुपचूप मारवलं.

आणि ती नवरी? क्लिओपात्रा तरुणपणीच विधवा झाली. सिकंदराची सख्खी बहीण, त्यामुळे एकेक सेनापती तिला मागणी घालत होता. सार्डिस शहरात सेनापती अँटिगोनसने तिला बरीच वर्षं नजरेखाली ठेवलं. इ.स.पू. 308 मध्ये ती इजिप्तवर राज्य करणाऱ्या टॉलेमीकडे निघाली, तेव्हा अँटिगोनसच्या हुकमावरून काही बायकांकरवी तिचा खून झाला. मग अँटिगोनसने त्यांतल्याच काही जणींना खुनाबद्दल देहदंड दिला आणि क्लिओपात्राचा अंत्यविधी राजेशाही थाटात केला.