न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी: कोणासाठी, अर्ज कसा भरायचा, कागदपत्रं कोणती लागतात

न्यूरोलॉजिस्टनी चिठ्ठीवर ‘न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट’ लिहून दिलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एमआरआय झालाय ना, मग आता हे आणखी कशाला? एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. त्या माणसाला बोलताना शब्द सापडतात का, दोन कामं एका वेळी सांभाळता येतात का, राग आवरता येतो का, हे त्यात दिसत नाही. स्कॅन अगदी स्वच्छ असतो आणि माणसाला साधी नोकरी झेपत नाही, असंही होतं. ही तपासणी लक्ष, स्मरणशक्ती, भाषा, आकार-अंतराची जाण, विचारांचा वेग, नियोजन, भावना आणि वागणूक या सगळ्यांचा एकत्र अंदाज घेते. सुई नाही, मशीन नाही. प्रश्न, चित्रं, ठोकळे, कागद-पेन्सिल, आणि काही ठिकाणी संगणक.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण लोक तिथेच गाफील राहतात. इथे मागितलेली कागदपत्रं फाइल जाड करण्यासाठी नसतात. चाचणीत आलेल्या आकड्याचा अर्थ लावायला तीच लागतात. बुद्धिमापनाच्या बहुतेक चाचण्यांत सरासरी १०० धरलेली असते आणि साधारण ६८ टक्के लोक ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. एखाद्याला १०० आले तर ‘सगळं ठीक आहे’ असं वाटेल. पण हाच माणूस आजारापूर्वी १३० च्या घरातला असेल, तर ही मोठी घसरण आहे. तो पूर्वी कुठे होता, हे तपासणाऱ्या तज्ज्ञाला, म्हणजे न्यूरोसायकॉलॉजिस्टला, कळणार कशावरून? तुम्ही आणलेल्या कागदांवरून आणि सोबत आलेल्या माणसाच्या सांगण्यावरून.

कोणाला घेता येते

डोक्याला मार लागल्यानंतर, पक्षाघातानंतर, फिट्सचा आजार असताना (विशेषतः त्यासाठी शस्त्रक्रिया ठरत असेल तर), मेंदूतली गाठ, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, विसरभोळेपणा वाढत चालला असताना, आणि मुलांमध्ये शिकण्यात किंवा लक्ष देण्यात सतत अडचण येत असेल तर. वयाची अट फारशी आड येत नाही. वेक्सलर या बुद्धिमापनाच्या चाचण्यांमध्ये अडीच वर्षांच्या मुलापासून नव्वदीपर्यंतच्या व्यक्तीसाठी वेगवेगळे संच आहेत. विसरभोळेपणा डिमेन्शियामुळे (स्मृतिभ्रंशाच्या आजारामुळे) आहे की नैराश्यामुळे, हा प्रश्न तर इथे नेहमीच येतो. उत्तर चुकलं तर उपचारांची दिशाच चुकते, म्हणून तो अंदाजावर सोडू नये.

काही वेळा तपासणी पुढे ढकलणंच योग्य असतं. माणूस भ्रमात असेल, नुकतीच फिट येऊन गेली असेल, दारू किंवा नशेचा अंमल असेल, असह्य वेदना असतील, तर आलेले आकडे त्या दिवसाचे असतात, त्या माणसाचे नाही. मार लागल्यावर किंवा पक्षाघातानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत प्रकृती झपाट्याने बदलत असते. तेव्हा गरजेपुरती छोटी तपासणी करून सविस्तर तपासणी नंतर ठेवतात.

आणि हो, दहा मिनिटांत घड्याळ काढून घेतलं, तारीख-वार विचारला, ३० पैकी गुण दिले, म्हणजे ही तपासणी झाली असं समजू नका. १९७५ साली आलेली मिनी मेंटल स्टेट परीक्षा किंवा २००५ सालची मोका, या चाळण्या आहेत. पुढे सविस्तर पाहायचं का, एवढंच त्यांतून कळतं.

अर्ज आणि रेफरल

बहुतेक ठिकाणी डॉक्टरांची रेफरल चिठ्ठी लागते; काही ठिकाणी स्वतः अर्ज केलेलाही चालतो. चिठ्ठीवर नुसतं ‘तपासणीसाठी’ असेल तर परत जाऊन प्रश्न लिहून आणा, असं मी आग्रहाने सांगेन. ‘शस्त्रक्रियेनंतर भाषेवर परिणाम होण्याचा धोका किती?’, ‘कामावर परत जाता येईल का?’, ‘स्वतःचे पैशांचे व्यवहार पाहू शकतील का?’ या तिन्ही प्रश्नांसाठी चाचण्यांची निवड वेगळी होते. प्रश्न धूसर असला की अहवालही गुळमुळीत येतो.

तपासणी कोर्टाने, विमा कंपनीने किंवा नोकरी देणाऱ्याने मागितली असेल तर अर्जात ते स्पष्ट लिहावं लागतं. अशा वेळी अहवाल कोणाच्या हातात जाणार आणि त्यात काय काय असणार, हे संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारून घ्या. उपचारांसाठीच्या तपासणीत जी गोपनीयता मिळते ती इथे तशीच मिळेल असं नाही. मूल असेल तर पालकांची सही लागते, आणि मुलालाही त्याच्या भाषेत समजावून त्याची तयारी विचारली जाते.

अर्जातला ‘तक्रारी’ हा रकाना लोक एका ओळीत संपवतात: ‘स्मरणशक्ती कमी झाली आहे.’ त्याऐवजी घडलेला प्रसंग लिहा. ‘अर्ध्या तासात तोच प्रश्न तीनदा विचारतात आणि आधी विचारल्याचं त्यांना आठवत नाही’ ही एक गोष्ट झाली. ‘नाव पटकन आठवत नाही, पण पहिलं अक्षर सांगितलं की लगेच सांगतात’ ही दुसरी. पहिल्यात नवी माहिती साठतच नसावी, दुसऱ्यात साठलेली बाहेर काढायला त्रास होत असावा. तज्ज्ञ तिथूनच चाचण्यांचा विचार सुरू करतात. कधीपासून, अचानक की हळूहळू, वाढतंय की तिथेच आहे, हेही लिहा.

कागदपत्रं

ओळखपत्र आणि रेफरल चिठ्ठी तर लागतेच. डिस्चार्ज कार्ड असेल तर त्याची पूर्ण प्रत आणा, पहिलं पान पुरत नाही. डोक्याला मार लागलेल्यांच्या कार्डावर ग्लासगो कोमा स्केलचा, म्हणजे शुद्ध किती होती हे सांगणारा आकडा असतो, ३ ते १५ मधला. बेशुद्धी किती वेळ होती, शुद्धीवर आल्यावरचं किती काळ आठवत नाही, या नोंदी फार मोलाच्या. स्कॅनची फिल्म राहिली तरी एक वेळ चालेल, लेखी रिपोर्ट हवाच. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) झाला असेल तर तोही, आणि थायरॉइड, बी-१२ अशा रक्ततपासण्यांचे निकाल, कारण या दोन्हींतल्या बिघाडाने विसरभोळेपणा येऊ शकतो.

औषधांची यादी डोस आणि वेळेसकट. फिट्सवर दिलं जाणारं टोपिरामेट काहींना शब्द आठवण्यात अडथळा आणतं. झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्या स्मरणशक्तीवर परिणाम करतात. मात्र तपासणी चांगली व्हावी म्हणून कोणतंही औषध स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. फिट्सच्या गोळ्या चुकवणं तर सरळ धोक्याचं आहे.

आता ज्यावर लोक नाक मुरडतात ते: जुन्या गुणपत्रिका, शिक्षणाचा आणि नोकरीचा तपशील. साठीतल्या माणसाची शाळेची गुणपत्रिका कशाला, असं विचारलं जातं. वर म्हटलेला ‘पूर्वी कुठे होता’ हा प्रश्न इथेच सुटतो. गुणपत्रिका नसेल तर काय काम केलं, कोणती जबाबदारी होती, हिशेब कोण ठेवायचं, हे लिहून आणलं तरी उपयोग होतो. यापूर्वी अशी तपासणी झाली असेल तर तो अहवाल लपवू नका. त्याच चाचण्या थोड्या दिवसांत पुन्हा दिल्या तर सवयीनेच गुण वाढतात आणि सुधारणा झाल्याचा भास होतो. म्हणून दोन तपासण्यांत साधारण सहा महिने ते वर्षाचं अंतर ठेवतात.

चष्मा आणि श्रवणयंत्र विसरू नका. ऐकू न आलेला शब्द लक्षात राहिला नाही, तर दोष स्मरणशक्तीचा नसतो.

सोबत कोणी यायचं

रोज एकत्र राहणारी व्यक्ती. गाडी चालवतो म्हणून पुतण्याला पाठवू नका. मेंदूच्या काही आजारांत माणसाला स्वतःची उणीव जाणवतच नाही. तो मनापासून सांगतो की मला काही झालेलं नाही. वागण्यातला बदल, चिडचिड, उदासीनता, खर्चाचं भान सुटणं, हे घरच्यांकडूनच कळतं. त्यांच्याशी वेगळं बोलतात, प्रश्नावलीही भरून घेतात. चाचणी चालू असताना मात्र त्यांना बाहेर बसवतात, कारण आपलं माणूस समोर असलं की बरेच जण एक तर बिचकतात नाहीतर त्यांच्याकडे पाहून उत्तर शोधतात.

त्या दिवशी

तीन-चार तास धरा, कधी जास्त. थकवा येणारा असेल तर दोन दिवसांत विभागून घ्यायची विनंती अर्जातच करा. झोप पुरी झालेली असावी, पोट भरलेलं असावं.

चाचण्या पाहायला साध्या वाटतात. तज्ज्ञ सेकंदाला एक अशा गतीने आकडे सांगतात आणि तुम्ही ते उलटे म्हणायचे: ६-१-८-३ ला ३-८-१-६. एका कागदावर आकडे आणि अक्षरं विखुरलेली असतात, ती आलटून पालटून जोडायची. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची असतात. इथे नियोजनाचा भाग कमजोर झालेला माणूस मिनिटकाटा २ वर नेण्याऐवजी थेट १० या आकड्यावर ठेवतो. ‘दहा’ ऐकलं, १० दिसला, आणि हात थांबवता आला नाही. गुणाइतकीच अशी चूक बोलकी असते.

काही प्रश्न जमणार नाहीत. चाचण्या कठीण होत जातात त्या मर्यादा कळावी म्हणूनच. इंटरनेटवर शोधून सराव करून येऊ नका, आणि त्रास ठसावा म्हणून मुद्दाम चुकूही नका. पुरेसा प्रयत्न झाला का, हे तपासणाऱ्या चाचण्याही संचात असतात; त्यात गडबड दिसली की खऱ्या त्रासाचाही पुरावा उरत नाही.

भाषेचा आग्रह धरा. चाचणी तुमच्या भाषेत होणार का आणि निकाल तुमच्या वयाच्या, तुमच्याइतकं शिकलेल्या लोकांशी ताडून पाहणार का, हे अर्ज देतानाच विचारा. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाला पदवीधरांच्या मापाने मोजलं तर निरोगी माणूसही आजारी ठरतो. हा अन्याय आहे आणि तो विचारल्याने टळतो.

अहवाल

तो त्याच दिवशी हातात मिळत नाही, कारण गुण काढून त्यांची इतिहासाशी सांगड घालायला वेळ लागतो. नुसत्या बुद्ध्यंकावर नजर खिळवू नका. १९५३ साली फिट्ससाठी हेन्री मोलेसन यांच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा आतला भाग काढला गेला. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी मोलेसन यांना तपासलं तेव्हा बुद्ध्यंक सरासरीपेक्षा वरचा होता, आणि तरी काही मिनिटांपूर्वी घडलेलं त्यांच्याजवळ राहत नव्हतं.

अहवाल समजावून सांगण्यासाठी वेगळी भेट मागून घ्या आणि घरच्यांनाही न्या. शिक्षण, तारखा, औषधं यांत चूक आढळली तर लेखी कळवून दुरुस्त करून घ्या. चाचणीच्या मूळ उत्तरपत्रिका सहसा हातात देत नाहीत, प्रश्न बाहेर फुटले तर चाचणी निकामी होते. दुसरं मत हवं असेल तर दुसऱ्या न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे त्या थेट पाठवण्याचा अर्ज करता येतो. शाळेला किंवा कामाच्या ठिकाणी द्यायचा असेल तर संपूर्ण अहवालाऐवजी फक्त शिफारशींचं पत्र वेगळं मागा.