मेंढ्या बसवलेल्या कुरणात भाजीपाला घेण्यापूर्वी

आपल्या भागात शेतात मेंढ्या बसवण्याची पद्धत जुनी आहे, आणि लेंडी-मुताने कसदार झालेले गवताळ पडीक रान भाजीपाल्याला मानवतेही. तरीही आमच्या रोपवाटिकेतून रोपे नेणाऱ्या ग्राहकांना आग्रहाची विनंती आहे की, असे रान नांगरल्याबरोबर त्यात लागवड करू नये. आतले गवत मरायला आणि खत कुजायला एक उन्हाळा द्यावा.

खरी अडचण खताची नसून हरळी आणि लव्हाळ्याची आहे. हरळीच्या काश्यांचा (जमिनीत पसरणाऱ्या खोडांचा) डोळा असलेला प्रत्येक तुकडा नव्याने फुटतो, म्हणून सुरुवातीलाच रोटाव्हेटर फिरवणे टाळावे. रान वरून भुसभुशीत दिसते, पण काश्यांचे तुकडे सगळीकडे पेरले जातात. त्याऐवजी मार्च-एप्रिलमध्ये खोल नांगरट करून ढेकळे उन्हात चांगली तापू द्यावीत, नंतर कुळवाच्या पाळ्या द्याव्यात आणि वर आलेल्या काश्या वेचून पूर्ण वाळवाव्यात. त्या ओल्या असताना बांधावर टाकल्यास पहिल्याच पावसात पुन्हा रानात उतरतात. दोन-चार गुंठ्यांचाच तुकडा असेल तर माती भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत दाबाव्यात आणि भर उन्हाळ्यात 4 ते 6 आठवडे तसेच ठेवावे. याने तणांचे बी बरेचसे मरते. लव्हाळ्याच्या खोलवरच्या गाठी मात्र राहतात, त्या खणूनच काढाव्या लागतात.

मेंढ्यांनी वेड्या बाभळीच्या शेंगा खाल्ल्या असतील तर त्यांतले काही बी न पचता लेंडीतून जसेच्या तसे पडते. पावसाळ्याच्या तोंडी लेंड्यांच्या ढिगाऱ्यात बारीक पानांची रोपे उगवलेली दिसतील. ती बोटभर असतानाच मुळासकट उपटावीत, कारण एकदा सोटमूळ खोल गेले की नुसते छाटून ती मरत नाहीत.

ढेकूळ फोडल्यावर अर्धवर्तुळात वळलेली, दुधी रंगाची, तपकिरी डोक्याची जाड अळी सापडली तर ती बहुधा हुमणी असते आणि नव्या रोपांची मुळे कुरतडते. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी तिचे भुंगे कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करून मारणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. सोबत चांगल्या कुजलेल्या शेणखतात मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) मिसळून ते ओलाव्यावर मातीत द्यावे.

माती परीक्षणासाठी 8-10 ठिकाणांहून 15 ते 20 सेंटिमीटर खोलीची माती घ्यावी, पण मेंढ्यांची वाघर (रात्री कोंडण्याचे जाळीचे कुंपण) जिथे लागली होती तिथला नमुना वेगळा ठेवावा, कारण तिथे क्षार आणि नत्र इतर रानापेक्षा जास्त असण्याची शक्यता असते. अहवाल येईपर्यंत युरिया देऊ नये. नत्राचा अतिरेक झाला की टोमॅटो-वांग्याची झाडे नुसती पाल्याला वाढतात आणि मावा-तुडतुड्यांना आमंत्रण मिळते.

पहिल्या हंगामात दुधी, दोडका, तांबडा भोपळा किंवा कोबी घ्यावा. ही पिके खतावलेल्या जमिनीवर जोमाने येतात. गाजर व मुळा ताज्या खतात फाटे फुटून वेडेवाकडे होतात, म्हणून ते दुसऱ्या वर्षी लावावेत. कोथिंबीर, मेथी, पालक यांसारख्या मातीला टेकणाऱ्या भाज्यांच्या बाबतीत लेंडी मातीत मिसळल्यापासून काढणीपर्यंत किमान 120 दिवस जाऊ द्यावेत. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांतही कच्च्या खतासाठी हीच मुदत आहे. जी पाने आपल्या घरातली लहान मुले कच्ची खातात, त्यांच्या बाबतीत घाई करू नये असे आम्हाला मनापासून वाटते.

रोपांची मागणी नोंदवताना मेंढ्या शेवटच्या कधी बसवल्या होत्या ती तारीख आणि माती परीक्षणाचा अहवाल कृपया सोबत आणावा, म्हणजे कोणती रोपे कोणत्या आठवड्यात द्यायची हे आम्हाला आपल्याशी बोलून ठरवता येईल.