दुःखाला ठरलेले पाच टप्पे नसतात

‘जवळचं माणूस गेलं की नाकारणं, राग, नशिबाशी घासाघीस, नैराश्य आणि शेवटी स्वीकार, या क्रमातूनच प्रत्येकजण जातो,’ हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय.

हे टप्पे 1969 साली मांडले गेले ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर लावले गेले. पाचही भावना खऱ्या आहेत, म्हणूनच संदेश पटतो. क्रम मात्र खरा नाही. पुढच्या अभ्यासांत तो सगळ्यांमध्ये सापडला नाही. अनेकांनी मृत्यू पहिल्यापासूनच स्वीकारलेला असतो, आणि रागापेक्षा जास्त छळते ती आठवणीची ओढ.

पडताळायचं असेल तर दुःखातून गेलेल्या दोन-चार जणांना, त्यांची तयारी असेल तर, शांतपणे विचारा. सकाळी हसून बोललेलं माणूस गेलेल्याचा चष्मा दिसताच दुपारी कोसळतं. हे मागे घसरणं नव्हे. मला सर्वांत जास्त सलतं ते ‘मला राग कसा येत नाही?’ म्हणून स्वतःलाच दोष देणं.

वर्ष उलटूनही तीव्रता तशीच राहिली, रोजचे व्यवहार ठप्प झाले, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. जगणंच नकोसं वाटलं तर लगेच.