लोकल लॉ ९७ (न्यूयॉर्क)

न्यूयॉर्क शहरातील २५,००० चौरस फुटांहून मोठ्या इमारतींच्या कार्बन उत्सर्जनावर वार्षिक मर्यादा घालणारा कायदा. शहर परिषदेने तो एप्रिल २०१९ मध्ये मंजूर केला. मर्यादा २०२४ पासून लागू झाल्या असून २०३० पासून त्या बऱ्याच कडक होतात. शहराच्या उत्सर्जनातील सुमारे दोन-तृतीयांश वाटा इमारतींचा असल्याने रोख त्यांच्यावर आला. मर्यादेपुढच्या प्रत्येक टनामागे वर्षाला २६८ डॉलर दंड बसतो.

इमारतीच्या मालकाने वर्षभरातील वीज, गॅस, तेल आणि वाफ (मॅनहॅटनमध्ये ती १८८२ पासून रस्त्याखालच्या नळांतून विकली जाते) यांचा वापर मोजायचा आणि प्रत्येकाला ठरवून दिलेल्या गुणकाने (एका एककामागे किती टन उत्सर्जन धरायचे तो आकडा) गुणायचे. भाडेकरूने रात्रभर दिवे चालू ठेवले तरी ते उत्सर्जन मालकाच्याच खात्यावर पडते.

समजा, एक लाख चौरस फुटांचे कार्यालय वर्षाला २० लाख युनिट वीज आणि ३०,००० थर्म (गॅसमधील उष्णता मोजण्याचे एकक) गॅस वापरते. आजच्या गुणकांनुसार विजेचे सुमारे ५७८ टन आणि गॅसचे १५९ टन, असे ७३७ टन होतात. एवढ्या कार्यालयाची मर्यादा ७५८ टनांची, म्हणजे जेमतेम निभावते. २०३० पासून विजेचा गुणक निम्म्यावर येतो, कारण तोवर ग्रिड, म्हणजे वीजपुरवठ्याचे जाळे, स्वच्छ होईल असे गृहीत धरले आहे. गॅसचा गुणक मात्र तसाच राहतो. बेरीज ४४९ टनांवर उतरते, पण मर्यादा २६९ वर आलेली असते. जादा १८० टनांचा दंड सुमारे ४८,००० डॉलर. गॅसचा बॉयलर काढून विजेवर उष्णता देणारा हीट पंप बसवण्याकडे ढकलणारा खरा जोर या दोन गुणकांतील फरकात आहे. दंडाची रक्कम त्या मानाने किरकोळच.

वीज खरेदी येथेच महत्त्वाची ठरते. हरित ऊर्जा प्रमाणपत्रे (तेवढी वीज स्वच्छ स्रोतातून निर्माण झाल्याचे विकत मिळणारे दाखले) घेऊन विजेचे उत्सर्जन वजा करता येते, गॅसचे नाही. वरच्या उदाहरणात २०३० मध्ये विजेचे सगळे टन वजा केले, तर उरलेले १५९ टन मर्यादेत बसतात. मात्र दूरच्या एखाद्या पवनचक्कीचे स्वस्त प्रमाणपत्र चालत नाही. ती वीज शहराच्या ग्रिड-विभागात निर्माण झालेली किंवा तेथे पोहोचू शकणारी हवी. अट जाचक वाटली तरी रास्त आहे. राज्याच्या उत्तर भागात जलविद्युत मुबलक असली तरी पारेषण वाहिन्या अपुऱ्या असल्याने शहर प्रामुख्याने गॅसवरच्या विजेवर चालते, आणि एप्रिल २०२१ मध्ये इंडियन पॉइंट अणुवीज केंद्र बंद झाल्यावर हे अवलंबित्व वाढले. कॅनडातील क्वेबेकची जलविद्युत शहराच्या क्वीन्स भागापर्यंत आणणारी १,२५० मेगावॉटची शॅम्प्लेन-हडसन वाहिनी ही कोंडी फोडण्यासाठीच आखली गेली.

सर्वाधिक विरोध को-ऑप निवासी संकुलांनी केला. मुंबईतील गृहनिर्माण सोसायटीप्रमाणे तेथेही भागधारक रहिवासीच मालक असतात, त्यामुळे नव्या यंत्रणेचा खर्च थेट मासिक देखभाल शुल्कात येतो. क्वीन्समधील ग्लेन ओक्स व्हिलेजने कायद्याला आव्हान दिले. राज्याच्या हवामान कायद्यामुळे शहराचा हा अधिकार संपुष्टात येत नाही, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला.

मर्यादा पाळू न शकलेल्या, पण प्रामाणिक प्रयत्न दाखवणाऱ्या मालकांना उत्सर्जन-कपातीचा आराखडा देऊन मुदत मिळवता येते. ही सवलत घेतली की प्रमाणपत्रे विकत घेऊन हिशेब जुळवण्याची वाट बंद होते.