पार्श्वभूमी : ऑक्टोपॅड, ड्रम मशीन आणि हलगी

चैत्रातल्या यात्रा जवळ आल्या की सांगली-साताऱ्याकडच्या गावांत एक वाद दरवर्षी निघतो. सुपारी कुणाला द्यायची, वाद्यवाल्यांना की मशीनवाल्यांना? ‘मशीन’ म्हणजे नेमकं काय, हे मात्र बैठकीत कुणी विचारत नाही. खरा गुंता तिथेच आहे.

आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी या एका शब्दात बसवल्या जातात. पहिली, ड्रम मशीन. यात ठेका आधी भरून ठेवायचा, बटण दाबलं की तो आपोआप फिरत राहतो. दुसरी, कीबोर्डमधली ‘स्टाइल’. डाव्या हाताने सूर धरला की ठेका, बेस आणि बाकीची साथ एकदम सुरू होते. तिसरी, ऑक्टोपॅड. आठ रबरी चौकोन, समोर दोन काठ्या घेतलेला माणूस. त्याने काठी मारल्याशिवाय पॅड हूं की चूं करत नाही.

म्हणजे आवाज कुठून येतो एवढंच पाहिलं तर तिन्ही एकच. ठेका कोण धरतो हे पाहिलं, तर ऑक्टोपॅड हलगीच्या बाजूला उभा राहतो आणि ड्रम मशीन दुसऱ्या टोकाला. ऑक्टोपॅडवाल्याची लय चुकू शकते, तो दमतो, नाचणाऱ्याकडे बघून वेग वाढवतो. त्याला ‘मशीनवाला’ म्हणणं हा त्याच्या मनगटावर अन्याय आहे, आणि ही गल्लत मानधन ठरवतानाही त्याच्या विरोधात जाते.

पण गल्लत उगाच झालेली नाही. १९८५ साली जपानमधून आलेल्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. काठी कुठे आणि किती जोरात बसली एवढा निरोप तो तारेतून दुसऱ्या यंत्राला द्यायचा. ते दुसरं यंत्र बहुधा ड्रम मशीनच असायचं, कारण भरलेले आवाज त्याच्याच पोटात होते. दोन्ही शेजारी ठेवलेली असली की पाहणाऱ्याला ती एकच वस्तू वाटणार. पुढे आवाज पॅडमध्येच आले. १९९८ च्या एसपीडी-२० मध्ये ते ७०० होते. भारतात ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्ट्यांनी हेच मॉडेल इतकं उचललं की ऑक्टोपॅड म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे तेच येतं. आपला ठेका आपोआप फिरवण्याची सोय त्यात नव्हती. ती २०१० च्या एसपीडी-३० मध्ये आली. एक फेरी वाजवायची, ती घुमत ठेवायची आणि तिच्यावर दुसरी चढवायची. तेव्हापासून पॅडलाही ‘मशीन’ म्हणायला थोडा आधार मिळाला. आजही ‘लूप लावून वाजवतो’ आणि ‘हाताने वाजवतो’ हा फरक वादक आपापसात पाळतात. गावाने सुपारी देताना तेवढं विचारलं तरी अर्धा वाद मिटेल.

ड्रम मशीनचा उगम त्याहून जुना. अमेरिकेत १९५९ मध्येच ऑर्गनवाल्यांसाठी फिरत्या चकतीवर चालणारी ठेक्याची पेटी विक्रीला होती. १९८० हे वर्ष महत्त्वाचं. त्या साली अमेरिकेत खऱ्या ड्रमचे आवाज साठवलेलं यंत्र निघालं. आवाज साठवायची मेमरी इतकी महाग होती की लांब घुमणाऱ्या क्रॅश झांजेला त्यात जागाच नव्हती. त्याच साली जपानमध्ये टीआर-८०८ आलं. त्याचे आवाज विजेच्या मंडलांतून तयार होत आणि खऱ्या ड्रमसारखे मुळीच वाटत नसत. तीन-चार वर्षांत त्याचं उत्पादन थांबलं, जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळू लागलं आणि पैसे नसलेल्या पोरांनी त्यातून हिप-हॉप आणि टेक्नो उभं केलं. नक्कल म्हणून ते फसलं, स्वतंत्र वाद्य म्हणून टिकलं. भारतातही १९८२ मध्ये मुंबईच्या एका स्टुडिओ वादकाने हेच यंत्र रागांखाली लावून एक रेकॉर्ड केली होती. तेव्हा ती खपली नाही. २०१० मध्ये परदेशातून पुन्हा निघाली, तेव्हा जगभर ऐकली गेली.

या यंत्राला कुठलं संगीत मानवतं, ते त्याच्या रचनेतच दिसतं. एका ओळीत सोळा खाने, म्हणून आठ मात्रांचा केरवा त्यात दोन-दोन खान्यांनी अलगद बसतो. खाने कमी करून दादराही भरता येतो. त्यामुळे ‘मशीनला आपले ताल येत नाहीत’ ही तक्रार चुकीची आहे. ताल येतात, दोन खान्यांमधली जागा येत नाही. ८०८ मध्ये जोर द्यायचा तर तो त्या खान्यातल्या सगळ्या आवाजांवर एकदम पडतो. ढोलकीवाला उजव्या हाताचा ठोका कडक ठेवून त्याच क्षणी डाव्या हाताचा घुमारा दाबत नेतो, तो सूर वर सरकवतो. हा दाब खान्यात भरता येत नाही. लावणीत तर ढोलकी घुंगरांकडे बघून थांबते. आळंदीहून निघालेली पालखी वाटेत चांदोबाचा लिंब या ठिकाणी रिंगणाला थांबते, तिथला भजनी ठेका पखवाजावर हळूहळू चढत जातो. पखवाजाच्या डाव्या तोंडाची कणीकसुद्धा वादक आवाज ऐकून कमी-जास्त करतो. धनगरांच्या गजी नाचात, ढोलांच्या फेरीत वेग पायांवर ठरतो, ढोल त्यांच्यामागून जातात.

मिरजेचा अनुभव इथे उपयोगी पडतो. सतार-तंबोरे करणाऱ्या त्या गावाने इलेक्ट्रॉनिक तंबोरा फार आधी पाहिला. तंबोऱ्याचं काम एका जागी स्थिर राहण्याचं, म्हणून यंत्राने त्यातलं बरंचसं उचललं. तरी भोपळ्याचा तंबोरा संपला नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तालाचं काम स्थिर नाही. रियाजाला तबल्याची पेटी किंवा मोबाइलवरचा ठेका सगळेच लावतात, मैफलीला मात्र तबलजीच बसतो.

मिरवणुकीत यंत्र जिंकलं ते वेगळ्या कारणाने. ज्याला आपण डॉल्बी म्हणतो त्या भिंतीएवढ्या स्पीकरांना खालचा, लांब घुमणारा ठोका लागतो आणि ८०८ च्या वळणाचा बेस नेमका तोच देतो. हलगीची ताकद वरच्या, कोरड्या कडकडाटात आहे. त्या घुमण्याखाली ती ऐकूच येत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद केले. त्यावरून दर गणपतीत वाद होतात. नियम आवाजाच्या पातळीला लागू आहेत, पण बैठकीत पुन्हा ‘मशीन बंद करा’ असंच म्हटलं जातं आणि पॅडवाला विनाकारण त्यात सापडतो.

आता पॅडमध्ये आपले आवाज भरता येतात. पोरं हलगी, संबळ, दिमडी रेकॉर्ड करून घालतात. मला हे आवडतं, कारण निदान परदेशी टाळीऐवजी आपलं कातडं वाजतं. पण रेकॉर्ड झालेला ठोका त्या एका क्षणाचा असतो. खरी हलगी रात्री दव पडलं की उतरते, मग वादक आगटीपाशी जाऊन ती शेकतो, कानाशी धरून बोट मारून बघतो, पुन्हा शेकतो आणि येतो. तोवर झांजवाला एकटा ठेका धरून असतो.