अभ्यंग की थेराप्युटिक मसाज? दोन्हीकडे तेल लावून चोळतात एवढंच धरून जाऊ नका

मागच्या वर्षी हापूसचा सीझन संपता संपता दादाचा उजवा खांदा आखडला. झेल्याची काठी वर धरून आणि मान मागे टाकून महिना-दीड महिना रोज सकाळी आंबे काढायचे म्हटल्यावर दुसरं काय होणार. कोणीतरी सांगितलं, मसाज घे, म्हणून तो रत्नागिरीत एका आयुर्वेदिक केंद्रात जाऊन अभ्यंग करून आला. त्या रात्री कित्येक दिवसांनी शांत झोपला पण सकाळी हात तसाच, शर्ट घालताना कळ, म्हणाला पैसे फुकट गेले. त्याच महिन्यात आई, जिची तक्रार झोप येत नाही, अंग कोरडं पडतं आणि सगळं शरीर ठणकतं अशी आहे, ती शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून फिजिओथेरपिस्टकडे थेराप्युटिक मसाजला गेली आणि घरी येऊन पायरीवरच बसली. "अगो, नुसती विचारतच होती, मग इथे दाब तिथे दाब, तेलाचा एक थेंब लावलान नाही!"

दोघांचं चुकलं नाही आणि दोन्ही ठिकाणच्या माणसांचंही चुकलं नाही, फक्त पत्ते उलटसुलट झाले. आईला हवं होतं ते दादाला मिळालं आणि दादाला हवं होतं ते आईला. आपल्याकडे दोन्हीला मसाजच म्हणतात त्यामुळे हे सर्रास होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

अभ्यंग आपल्याला तसा परका नाही. नरकचतुर्दशीला पहाटे तेल लावून उटण्याने न्हाणं आपण लहानपणापासून करतो, गुडघ्याला उंडीचं तेल आणि टाचांच्या भेगांना मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, लावणाऱ्या आज्या सगळ्यांनीच बघितल्यात. केंद्रातला अभ्यंग म्हणजे तेच, पण पूर्ण अंगाला आणि शिस्तीत. आधी वैद्य बसवून विचारतात, भूक लागते का, पोट साफ होतं का, झोप कशी आहे, जीभ बघतात, नाडी बघतात. अजीर्ण असेल, ताप किंवा कफाची सर्दी असेल तर चक्क परत पाठवतात, आज नको म्हणतात. असं झालं तर रागावू नका, ती चांगल्या जागेची खूण समजा. आणि जेवून लगेच जाऊ नका, पोट हलकं पाहिजे.

मग लाकडी द्रोणीवर झोपवतात, तेल निथळावं म्हणून तिला कडेने काठ असतो. कोमट तेल असतं, कुठे नुसतं तिळाचं, कुठे नारायण तेल किंवा आणखी काही, ते तुमच्या तक्रारीप्रमाणे ठरतं. बऱ्याच ठिकाणी दोघं जण दोन बाजूंनी एकाच लयीत हात चालवतात, हातापायांवर लांब लांब आणि सांध्यांवर गोल गोल. दाब बेताचा असतो. जास्त जोर लावला म्हणजे जास्त फायदा असं इथे नसतं, हे दादाला माहीत नव्हतं आणि तो म्हणत राहिला, नुसतं तेल फिरवत होते! डोकं, कान आणि तळपाय या तीन जागांना विशेष तेल लावावं असं वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगितलंय, त्यामुळे तळपायाला वेळ देतात. पाऊण तास ते तासभर हे चालतं, मग वाफ. ती कुठे पेटीत बसवून देतात, डोकं बाहेर ठेवून, तर कुठे नळीने निर्गुंडीच्या किंवा दशमुळाच्या काढ्याची वाफ अंगावर फिरवतात. नंतर गरम पाण्याची अंघोळ.

बाहेर आल्यावर अंग जड-हलकं असं एकदमच वाटतं, झोप येते. उठताना हळू उठा, एकदम उभं राहिलं की चक्कर येऊ शकते, आणि तळपायाला तेल असताना फरशीवर चालणं म्हणजे पावसातल्या शेवाळलेल्या चिऱ्यावर चालण्यासारखं, आधी पाय पुसून घ्या. जुने कपडे घालून जा, डाग जात नाहीत. त्या दिवशी घरी येऊन गरम पेज घ्यायची आणि वाऱ्यात, एसीत बसायचं नाही एवढं पाळलं तरी पुरे. पंचकर्माचा पूर्ण कोर्स असेल तर अभ्यंग आणि वाफ ही त्याची पूर्वतयारी असते, मुख्य कर्म पुढे, त्यामुळे पहिल्या दिवसानंतर "दुखणं तसंच आहे" म्हणून सोडून देऊ नका.

आता थेराप्युटिक मसाज. इथे सुरुवात एका विशिष्ट दुखण्यापासून होते आणि आईला खटकलेले प्रश्न हाच त्यातला निम्मा उपचार आहे. नेमकं कुठे दुखतं, कधीपासून, काय केल्यावर वाढतं, रात्री झोपेतून उठवतं का, मुंग्या येतात का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. मग हात वर करून दाखवा, मागे न्या, मान वळवा. दादाला नंतर मी स्वतः घेऊन गेले तेव्हा बाजूलाच बसले होते म्हणून हे डोळ्यांनी बघितलंय. तो खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवून सांगत होता इथे दुखतंय, आणि त्या मॅडमनी हात लावला तो मागे, पाठीच्या फऱ्यावर. अंगठ्याने हळूहळू दाबत एका जागी थांबल्या आणि दादा एकदम म्हणाला, "हेच! पण हे तर पुढे दुखतंय!" याला ट्रिगर पॉइंट म्हणतात, म्हणजे स्नायूतली अशी ताठ, हळवी जागा जी दाबली की कळ भलतीकडेच उठते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची पाठ बघणाऱ्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी या कळांचे नकाशेच काढले होते. त्या जागेत नेमकं काय बिघडलेलं असतं यावर तज्ज्ञांमध्ये अजून वाद आहेत, पण आपण तिला गाठ म्हणत असलो तरी ती सुपारीसारखी फोडायची गाठ नाही एवढं नक्की, म्हणून "जोरात दाबा, फोडून टाका" असं सांगू नका.

तेल किंवा लोशन इथे अगदी थोडं किंवा अजिबात नाही, कारण हात सरकायला नको असतो, स्नायू पकडायचा असतो. पूर्ण अंग होत नाही, अर्धा तास एकाच खांद्यावर जाऊ शकतो. दुखतं, पण किती दुखू द्यायचं हे तुम्ही सांगायचं. त्या विचारतात, दहापैकी किती? पाच-सहापर्यंत ठीक, पण श्वास रोखला जात असेल, मुठी आवळल्या जात असतील तर दाब जास्त झाला, स्नायू उलट आणखी ताठतो. आणि इथेच आपली माणसं, त्यातही बायका, गप्प बसतात. आयुष्यभर पाण्याचे हंडे वाहिले, लावणीत दिवसदिवस वाकून काढले, कुठे दुखतं म्हणून बोलायची सवयच नाही, आई तर विचारलं तरी "चालतंय" म्हणते. नको, प्लीज सांगा. तुम्ही सांगितलं नाहीत तर त्या माणसाला कळायला दुसरा मार्ग नाही.

दुसऱ्या दिवशी तिथे ठणका लागतो, पहिल्यांदा रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढल्यावर लागतो तसा, आणि तो दोनेक दिवसांत उतरायला पाहिजे. उतरला नाही, किंवा बधिरपणा, मुंग्या, हाताची पकड कमी होणं असं काही झालं तर फोन करून कळवा. मसाजने लॅक्टिक ॲसिड निघून जातं, विषारी घटक बाहेर पडतात असं कोणी सांगितलं तर त्यावर जाऊ नका, लॅक्टिक ॲसिड व्यायामानंतर तासाभरात आपलं आपण उतरतं. मसाजने मिळणारा आराम खरा असतो पण बहुतेकदा थोड्या दिवसांचा, तो टिकवायचा तर त्यांनी दिलेला व्यायाम रोज करावा लागतो, आणि बहुतेक लोक नेमकं तेच सोडतात.

रिसॉर्टवर सुट्टीत घेतात तो रिलॅक्सिंग मसाज हे तिसरंच, सुखासाठी छान, पण त्याच्याकडून आखडलेला खांदा सुटायची अपेक्षा करू नका.

कपड्यांचा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि विचारायची लाज वाटते. अभ्यंगाला बहुतेक ठिकाणी वापरून टाकायचा लंगोट देतात, पुरुषांना पुरुष आणि बायकांना बाई अशीच पद्धत असते. फिजिओथेरपीत जो भाग बघायचा तेवढाच उघडा, बाकी चादर, खांद्यासाठी बिनबाह्यांचा सैल कपडा पुरतो. बाई पाहिजे असं बुकिंगच्या फोनवरच बेधडक सांगा, सोबत कोणी बसलेलं चालेल का विचारा, आणि मध्येच नकोसं वाटलं तर थांबवा म्हणायचा हक्क तुमचाच आहे, पैसे दिलेत म्हणून सोसायचं नाही. शिक्षणही विचारा, आयुर्वेदाकडे बीएएमएस वैद्य, फिजिओथेरपीला बीपीटी. चांगल्या माणसाला याचा राग येत नाही.

काही गोष्टी मात्र दोन्हीकडे जायच्या आधी डॉक्टरला दाखवायच्याच. एकच पोटरी अचानक सुजली, गरम लागते, दुखते, विशेषतः ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस झोपून असताना, तर तिला कोणालाही चोळू देऊ नका, आत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. कंबरदुखीबरोबर लघवी-संडासवरचा ताबा जातोय किंवा मांड्यांमध्ये बधिर वाटतंय तर त्याच दिवशी हॉस्पिटल. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या, गरोदरपण, हाडं ठिसूळ असणं, बीपी, हे सगळं आधी सांगा. आणि घरात डायबेटिस असलेलं माणूस असेल तर तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते, गरम तेलाचा किंवा वाफेचा चटका त्यांना कळतच नाही, फोड आल्यावर कळतं.

दादाची पाच सेशन झाली. चौथ्याच्या आधी त्याने स्वतःहून शर्ट डोक्यावरून काढला आणि आईला हाक मारून दाखवला. आता मोहोर धरला की खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून रोज खांद्याचा व्यायाम करतो. आणि आई, पाऊस लागून बागेची कामं आटोपली की, आठवडाभर अभ्यंगाला जाते, जुनी साडी पिशवीत घालून, जेवायच्या आधी.